करवतीचं हसणं

माणसानं दुसऱ्याच्या मोटारीवर जळावं, बढतीवर जळावं, फार तर दाट केसांवर जळावं. पण स्वतःच्याच हसण्यावर पंधरा वर्षं जळत राहिलेला माणूस आजवर एकच होऊन गेला, आणि गल्लीत त्याला सगळे एरंडेल म्हणत. तोंडावर नव्हे. तोंडावर 'भाऊ' म्हणत. पण सकाळी डबा घेऊन तो कामावर निघाला, की एरंडेल प्यायल्यासारखा त्याचा तो चेहरा बघून कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून घेई. नसता अपशकुन नको.

भाऊ सिनेमाच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला होता. पडद्यावर दार उघडलं की इकडे भाऊ बिजागरी करकरवे. घोडे दौडले की दोन करवंट्या आपटी. गुंडांनी कुणाचं हाड मोडलं की मायक्रोफोनजवळ गाजर मोडी. हे सगळं घरी ठाऊक होतं. गाजरं तर घरूनच जात.

घरी ठाऊक नव्हतं ते वेगळंच. करवतीचं हसणं भाऊचं होतं.

करवत म्हणजे त्या काळचा एक नंबरचा खलनायक. पडद्यावर त्यानं नुसतं डोळे रोखून बघितलं, की पहिल्या रांगेतले लोक पाय वर घेऊन बसत. बघता बघता माणूस कापतो म्हणून नाव करवत. आणि बघून झालं की तो हसे. ते हसणं असं, की मध्यंतरात विकायला ठेवलेलं दूध नासे. बाजारात बायका त्याला शिव्या घालत. खोकल्याचं औषध मागायला गेला तर औषधवाल्यानं ते दिलं नाही, म्हणाला, "विष घे आणि मर." एवढं प्रेम कुणाच्या वाट्याला येतं?

पण खऱ्या आयुष्यात करवत हसला तर 'खी, खी' असा आवाज यायचा. उंदराला उचकी लागावी तसा. पहिल्या सिनेमाच्या वेळी ते ऐकून दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला होता. तेवढ्यात कुणीतरी विनोद केला आणि कोपऱ्यात बिजागरीला तेल घालत बसलेला भाऊ हसला. त्या हसण्यानं स्टुडिओतल्या तीन बल्बांनी प्राण सोडला. त्यातल्या एकानं नंतर परत धरला म्हणतात, पण मिणमिणता.

दिग्दर्शकानं भाऊला तिथल्या तिथे शपथ घातली. "हे हसू आजपासून करवतीचं. बाहेर कुणासमोर हसायचं नाही. घरीसुद्धा नाही. लोकांना कळलं की याचं हसू उसनं आहे, तर उद्या कोण भिणार याला?"

भाऊनं शपथ घेतली. वर्षभरानं त्याचं लग्न झालं. म्हणजे बायकोनं नवऱ्याला कधी हसताना बघितलंच नाही. हसू आलंच तर तो उठून न्हाणीघरात जाई, नळ सोडी आणि टॉवेलचा बोळा दातात धरी. घरचे टॉवेल सगळे कोपऱ्यांना कुरतडलेले. बायको उंदरांचे सापळे लावून थकली.

आता नशिबाचा खेळ बघा. गल्लीतल्या प्रत्येक बाईचा एक आवडता खलनायक होता. शिंपीणबाईला एका डोळ्याचा दरोडेखोर आवडे. मास्तरीणबाईला टीव्हीवरची ती गोडबोली आत्या आवडे, जी 'बाळा' म्हणत दुधात विष कालवते. भाऊच्या बायकोला आवडे करवत. एकेक सिनेमा तीनतीनदा बघून यायची आणि जेवताना सांगायची.

"काय हसतो मेला!"

'मेला' या शब्दात एवढा मध असू शकतो, हे भाऊला तेव्हा कळलं. त्याला ती कधी मेला म्हणाली नव्हती. त्याला ती "अहो" म्हणायची, तेही बहुतेक वेळा गॅस सिलिंडरबद्दल.

"त्यात काय हसायचंय एवढं?" भाऊ म्हणायचा. "घोडा खिंकाळल्यासारखं तर वाटतं."

"तुम्ही आधी एकदा हसून दाखवा. मग दुसऱ्याला नावं ठेवा."

भाऊ घास गिळायचा. घास खाली जायचा, मत्सर तिथेच घशात बसून राहायचा. दुसऱ्या दिवशी कामावर पडद्यावर करवतीचे ओठ उघडायचे, आणि त्या ओठांवर नजर ठेवून हा आपल्या पोटातलं हसू त्या मेल्याच्या तोंडात ओतायचा. स्वतःच्या हातानं सवत सजवावी, तसंच ते.

मग एका साप्ताहिकानं स्पर्धा काढली. 'मला अमुक खलनायक का आवडतो', पन्नास शब्दांत लिहा. पहिलं बक्षीस: तो खलनायक तुमच्या घरी चहाला.

बायकोनं लिहून पाठवलं आणि पहिली आली. छापून आलेलं तिनं स्वतः मोठ्यानं वाचून दाखवलं. "त्यांचं हसणं ऐकलं की पाठीतून गार पाणी उतरतं. वाटतं, असा पोटातून हसणारा माणूस घरात असता, तर माझ्या भिंतीसुद्धा जाग्या झाल्या असत्या."

भाऊनं भिंतींकडे बघितलं. भिंती गप्प होत्या.

दोन दिवसांनी करवत स्टुडिओत आला, तो थेट भाऊच्या पायाशी. पडद्यावर सहा फुटांचा दिसणारा हा माणूस जवळून बघितला तर पोस्टातल्या कारकुनासारखा होता. "भाऊ, वाचवा. बक्षिसाचं घर तुमचं निघालं. वहिनी मला हसायला सांगणार."

"मग हसा."

"असं करू नका हो. मी हसलो की संपलो. आणि मी संपलो, की तुमच्या हसण्याला तोंड कुठून आणणार?"

हे मात्र खरं होतं. शेवटी ठरलं ते असं: भाऊ मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरणार आणि पडद्याआड उभा राहणार. करवत कप बशीत टेकवेल ती खूण. त्यानं तोंड उघडायचं, यानं हसायचं.

रविवारी दुपारी चार वाजता भाऊ स्वतःच्याच घरात चोरासारखा शिरला. बायकोला सांगितलं होतं, आज दारांचं जादा काम आहे. ती म्हणाली होती, "बरंच झालं. तुमचा चेहरा बघून पाहुणे उठून जायचे."

पडद्याला एक भोक होतं. भाऊनं डोळा लावला, आणि पहिल्यांदा काय दिसलं असेल, तर कपबशी. सोनेरी काठांची. लग्नात आलेली. चौदा वर्षं कपाटात वरच्या फळीवर होती आणि भाऊनं एकदा हात लावला तर बायको "फुटेल!" म्हणून ओरडली होती. त्या कपातून करवत चहा पीत होता. भाऊच्या खुर्चीत बसून. खुर्चीवर भाऊनं कधी न बघितलेली नक्षीची उशी. बायकोनं ठेवणीतले कपडे घातलेले, केसात क्लिप, आणि बशीत क्रीमची बिस्किटं.

"घ्या ना अजून एक. तुम्ही काहीच घेत नाही," बायको म्हणाली.

भाऊनं घरात क्रीमचं बिस्किट बघून सहा वर्षं झाली होती.

शेजारी बायकोची धाकटी बहीण बसली होती. ती दातांच्या डॉक्टरकडे कामाला. डॉक्टर दाढ उपटत तेव्हा पेशंटचा जबडा धरायचा, हे तिचं काम. तिला राहवेना. "ताई, सांग ना त्यांना! कधीपासून बघतेय मी."

"इश्श, असं कसं एकदम," बायको म्हणाली, आणि लगेच पुढे, "पण हसताच एकदा, तर फार बरं वाटेल."

कप बशीत टेकला. करवतीचं तोंड उघडलं. भाऊ हसला.

धाकटी खुर्चीवरून पडता पडता वाचली. खिडकीतलं मांजर गेलं ते दोन दिवस आलं नाही. आणि बायको? तिनं दोन्ही हात गालांवर ठेवले, आणि तिचे डोळे असे चमकले, की पडद्याआड भाऊच्या छातीवर कुणीतरी गाजर मोडावं तसा आवाज झाला. हा चेहरा त्यानं कधी बघितला नव्हता. त्याच्याच हसण्यानं आणलेला, आणि गेला कुणाकडे, तर त्या क्रीम चाटणाऱ्याकडे.

"आमच्या घरी अशी गंमत नाही हो," बायको म्हणाली. "आमचे हे चौदा वर्षांत एकदा हसलेले नाहीत. गल्ली त्यांना एरंडेल म्हणते, माहीत आहे मला."

"असं नका म्हणू वहिनी," करवत मान खाली घालून म्हणाला. "भाऊ लाखमोलाचा माणूस आहे."

झालं. शिवी परवडते, पण कीव? तीही स्वतःच्या घरात, स्वतःच्या उशीवर टेकून केलेली?

"ते राहू द्या. एकदाच अजून हसा," बायको म्हणाली.

कप टेकला. भाऊ हसला. आणि थांबलाच नाही.

करवतीनं आधी नेहमीसारखं तोंड उघडलं, खांदे हलवले. एवढ्यात संपायला हवं होतं. संपेना. त्यानं पडद्याकडे एक डोळा वळवला. हसू चढतच होतं. बंद कसं करणार? तोंड मिटलं तर पितळ उघडं. बिचारा आ वासून खांदे हलवत राहिला. कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी आलं. कपाटातल्या उरलेल्या पाच कपबश्या किणकिणू लागल्या. भाऊनं पंधरा वर्षांचं उट्टं काढलं: औषधवाल्यानं दिलेल्या शिव्यांचं, 'मेला'चं, सोनेरी काठाचं. शेवटी श्वास संपला तेव्हा थांबला.

हसू थांबलं. तोंड मात्र उघडंच राहिलं.

"झालं का हसून?" बायकोनं हळूच विचारलं.

"आ," करवत म्हणाला.

"अजून येतंय का?"

"आ, आ!"

"अगं ताई, जबडा अडकलाय त्यांचा!" धाकटी उठली. तिनं बाह्या सारल्या, करवतीचं डोकं काखेत धरलं, अंगठे आत घातले आणि एक हिसका दिला. टक्! तोंड मिटलं. असं मिटलं, की ज्याला बघून अख्ख्या शहराची झोप उडे तो खलनायक दोन्ही गाल धरून शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा बसून राहिला.

ते बघून भाऊला हसू आलं. खूण नव्हती, उघडे ओठ नव्हते. खरं हसू आलं, आणि न्हाणीघर लांब होतं.

खोलीत हसण्याचा गडगडाट झाला आणि करवतीचं तोंड मिटलेलं.

बायकोनं करवतीकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग उठून तिनं पडदा ओढला. भाऊ पोट धरून ओट्याला टेकला होता. तिला बघताच हसू आटलं.

"तुम्ही?"

"मी."

"सगळ्या सिनेमांत?"

"एकोणीस."

बायकोचा आवाज चढला. "म्हणजे घरात विहीर, आणि मी मेली रांगेत उभी राहून तिकीट काढून पाणी प्यायला जात होते? आणि ते टॉवेल? उंदरांच्या नावानं मी चौदा वर्षं सापळे लावले!"

"शपथ होती," भाऊ म्हणाला.

"वहिनी, दोष माझा," गाल धरून करवत पुटपुटला, आणि ओशाळून हसला. "खी, खी."

धाकटीनं तोंडाला रुमाल लावला. "अगंबाई! हे यांचं?"

त्या दोघींनी कुणाला सांगायचं नाही असं ठरलं, आणि त्यांनी ते पाळलं. धाकटीनं फक्त एका पेशंटला सांगितलं, तेही त्याचं तोंड उघडं असताना, म्हणजे तो कुणाला सांगू शकणार नव्हता.

करवत गेला. बायकोनं कपबशी धुतली, पुसली, आणि वरच्या फळीवर न ठेवता तिच्यात चहा ओतून भाऊसमोर ठेवली. भाऊनं घोट घेतला. पंधरा वर्षांनी घसा मोकळा झाला. आता विचारायला हरकत नव्हती.

"मग? आता तुझा आवडता खलनायक कोण?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, हेच तिचं वाईट.

"हसणं तुमचंच हो," ती म्हणाली. "त्याला तोड नाही. पण डोळे... डोळे त्यांचेच ना?"

पुढच्या महिन्यात नवा सिनेमा लागला. भाऊ पहिल्यांदाच बायकोबरोबर बघायला गेला. पडद्यावर करवत हसला, की ती डोळे मिटून घेई आणि अंधारात तिचा हात येऊन भाऊच्या हातावर बसे. जन्माचं सार्थक व्हावं असा तो हात. पण हसू थांबून करवत नुसता रोखून बघायला लागला, की डोळे टक्क उघडत, हात उठून जाई, आणि ती पुढे सरकून बसे.

भाऊनं घड्याळ लावून बघितलं. तीन तासांच्या सिनेमात हसणं अडीच मिनिटं. बघणं चौदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवंट्या बाजूला ठेवून तो दिग्दर्शकाच्या खोलीत गेला. "साहेब, आपला खलनायक फार बघतो. त्या मानानं हसत नाही."

"आणखी कुठे हसवू त्याला?" दिग्दर्शक वैतागला. "गावं जाळताना हसतो, बँक लुटताना हसतो. आता काय स्वतःची आई मेल्यावर हसवू?"

भाऊनं गंभीरपणे विचार केला.

"किती मिनिटं?" त्यानं विचारलं.