दिव्यात हरवलेले पट्टे

“डोळे फुटले होते काय रे देवू? हे निळे पट्टे आले कुठून?”

लतीफशेठचा तो आवाज अजून माझ्या धाग्याधाग्यात आहे. मित्रांनो, मी एक जुना काळ्या कापडाचा तुकडा आहे. अंगावर निळे पट्टे आहेत, तेच माझं दुर्दैव.

सत्त्याऐंशी साली कामतघरच्या एका लूमवर वळगावच्या देवूनं मला विणलं. आडव्या सुताच्या कांड्या शेठची बायको हबीबा भरून द्यायची. संध्याकाळची शिफ्ट, वर कापसाच्या धुळीनं माखलेला एकच पिवळा दिवा. त्यात मी अंगभर काळा दिसलो. सकाळी शेठनं नेहमीसारखा ताका तपासायला दारात, उन्हात नेला आणि पट्टे उघडे पडले.

मित्रांनो, रंग एकट्या कापडाचा नसतो. उजेड अंगावर पडतो, त्यातला निळा माझे पट्टे परत धाडतात, तोच तुमच्या डोळ्यांत उतरतो. त्या मळक्या पिवळ्या दिव्यात निळा नावालाच होता. मग पट्ट्यांनी परत धाडावं तरी काय? तेही काळेच दिसले. पण हे सांगायला मला तोंड कुठे होतं?

“आईची आन शेठ, मला सगळं काळंच दिसलं!”

“मग रातांधळा झालास तू. जा, वीटभट्टीवर जा!” शेठनं मला ताक्यातून टरकावून त्याच्या अंगावर फेकलं.

दाराआड हबीबा उभी होती. उन्हात तिला आपल्या टोपलीत काळ्यांबरोबर निळ्या कांड्याही दिसल्या. तिनं त्या ओढणीखाली झाकल्या.

देवूनं मला घरी नेलं. दिवसा दारात धरी, पट्टे दिसत. दिवेलागणीला कंदिलाशी धरी, पट्टे गडप.

“गेले गं येसू माझे डोळे.”

“अवो, कंदिलात मलापन न्हाय दिसत!” त्याची बायको कळवळून सांगे.

“माझं मन नको राखू.”

तो पुन्हा लूमवर चढला नाही. सांज झाली की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. मी येसूच्या डोक्यावरची चुंबळ झालो. वर सरपणाची मोळी, खाली माझा जीव घुसमटलेला. वर्षं गेली.

एका सकाळी येसूनं हबीबाच्या दारात मोळी उतरवली. मी उलगडून उन्हात पडलो. हबीबा दचकली. “देवू कसा आहे गं?”

येसूचा बांध फुटला. “फिरत्या औषधवाल्यानं कसला तरी चीक दिलाय, भाभी. आज डोळ्यांत घालनार हाय. म्हनतो, आंधळाच तर हाय, आनखी काय जानार? माझं ऐकत न्हाय वो!”

हबीबानं मला मुठीत घट्ट धरलं आणि रिक्षा बोलावून येसूला आत ओढलं. रिक्षा खड्ड्याखड्ड्यांत अडखळे आणि मी धाग्याधाग्यानं टाहो फोडी, थांब देवू, थांब! मित्रांनो, कुणाला दोष देण्याआधी कापड एकदा उन्हात धरा. आणि ठाऊक असलेलं झाकून ठेवू नका.

देवू ओट्यावर बसला होता. हातात वाटी, बोटानं ताणलेली पापणी. हबीबानं वाटी हिसकावून अंगणात भिरकावली. मग मला त्याच्या मांडीवर पसरलं.

“तुझे डोळे धड आहेत, देवू. कांड्या मी भरल्या होत्या. दिव्यात मलाही निळं काळंच दिसलं. सकाळी कळलं, आणि मी गप्प बसले.”