दोनशे चौसष्ट वेळा पुसलेला माणूस

दत्तू मोगल पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसचा सुपरवायझर. पंचवीस वर्षं द्राक्षं निवडून घेण्यात गेल्यामुळे कशाचीही किंमत ऐकली की आधी त्याच्या कपाळाला आठी पडायची आणि मग तोंड उघडायचं. सातपूरच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका शेडमध्ये दोन्ही एकदमच झालं.

"बेचाळीसशे? एका पिच्चरचे?"

शेडचा मालक सार्थक, तिशीतला. वडिलांचा नट-बोल्टचा चालू कारखाना मोडून त्याने जुने सिनेमे दुरुस्त करायचा आणि डिस्कवर काढून विकायचा उद्योग मांडला होता. शेजारचे कारखानदार त्याला वेडा म्हणत, आणि खोटं कशाला बोला, त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

"मला अख्खा नकोच," दत्तू म्हणाला. "अकरा सेकंद पाहिजेत. सुट्टे किती पडतील?"

त्याचं असं होतं. दत्तू दीड वर्षाचा असताना त्याचा बाप, यादव, तापाने गेला. मागे एक फोटोसुद्धा राहिला नाही. पण त्याआधी सहा महिने चांदवडच्या घाटात शूटिंग झालं होतं. नायक-नायिका पुढे गात होती आणि मागच्या डोंगरावरून यादव गवताचा भारा घेऊन चालत गेला होता. अकरा सेकंद. दत्तूच्या आईने, पुतळाबाईने, जत्रेतल्या तंबूत तो सिनेमा पाच वेळा पाहिला आणि पाचही वेळा ते सेकंद मोजले. पुढे सिनेमा कुठे गडप झाला कुणाला कळलं नाही. आता ती त्र्याहत्तर वर्षांची होती, एक डोळा कामातून गेला होता, दुसरा त्याच वाटेवर होता. दिसतंय तोवर तिला एकदा नवरा बघायचा होता.

सार्थकने किमतीचा पाढा वाचला. मूळ रीळ एका गोदामात व्हिनेगरसारखं आंबलेलं सापडलं. हक्क तीन भावांकडे, आणि तिघांचं एकमेकांशी बोलणं बंद, त्यामुळे तिघांची तीन वेळा मनधरणी. प्रती विकल्या जाणार जेमतेम पाचशे, सगळा खर्च त्यांच्याच डोक्यावर. "आणि काका, एका सेकंदात चोवीस चित्रं असतात. प्रत्येक चित्रावरचा डाग आमच्या बाया हाताने काढतात. एकेक."

बाकीचं दत्तूच्या डोक्यावरून गेलं, शेवटचं मात्र बरोबर पोचलं. म्हणजे हा एकेक मणी निवडलेला एक्स्पोर्टचा माल! तरी सवयीने शंभर रुपये तोडून त्याने पैसे मोजले. प्लेअर सार्थकने उसना दिला.

संध्याकाळी घरी डिस्क लागली. गाणं सुरू झालं. चित्र असं लख्ख की गवताची काडी न् काडी दिसत होती. डोंगर रिकामा होता.

"कुठं गेले?" पुतळाबाईने विचारलं.

दत्तूने चार वेळा मागे घेऊन लावलं. चारही वेळा डोंगरावर चिटपाखरू नव्हतं. पुतळाबाईने चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी तो तणतणत शेडमध्ये शिरला आणि थेट आतल्या खोलीत गेला. तिथे चार बाया पडद्यांसमोर बसल्या होत्या आणि पहिली होती भागुबाई, दहा वर्षं त्याच्याच पॅकहाउसला द्राक्षं निवडणारी. सार्थक पारखी निघाला होता. बारीक डाग हेरणारी अशी नजर दुसरीकडे कुठे मिळणार?

"घाटातलं गाणं कुणी साफ केलं?" दत्तू गरजला.

"मीच की, दत्तूभाऊ. डोंगरावर एक काळा ठिपका व्हता. लय चिवट! इथं पुसला की पुढच्या चित्रात जरा पुढं सरकलेला. मला वाटलं, कीडच हाय. पण सोडला नाय. दोनशे चौसष्ट वेळा पुसला."

"माझा बाप होता तो!"

भागुबाईचा हात तोंडावर गेला. मग ती हळूच म्हणाली, "तुम्हीच शिकवलंय ना? डाग दिसला की काढायचा, इचार करत बसायचं नाय."

दत्तू सार्थककडे वळला. सार्थक घसा खाकरून म्हणाला, "साफ न केलेली प्रत आहे, काका. पण ती सात हजारांना पडेल."

"घाणीचे जास्त?"

"एकच आहे ना. आणि घाणीसकट बघणारे शौकीन वेगळे असतात, ते मागू तेवढे देतात."

जन्मात पहिल्यांदा दत्तूने घासाघीस केली नाही. भागुबाईला राहवेना, तीही त्याच्या मोटरसायकलवर मागे बसली.

मळक्या प्रतीत ओरखडे होते, केस होते, बुरशी होती. त्या सगळ्या गर्दीतून एक ठिपका डोंगर चढायला लागला आणि पुतळाबाई ताडकन उठून बसली. "हे! हेच!" अकरा सेकंद ती हसत होती. ठिपका खडकाआड गेला आणि तिचा चेहरा उतरला.

"गेले. याही बारीला मागं वळून बघितलं नाय. दत्तू, तुला कडेवर घेऊन कॅमेऱ्याच्या शेजारीच उभी व्हते मी. शूटिंगच्या साहेबानं दम दिला व्हता, मागं बघितलं तर पैसे नाय. म्हनून काय एकदाबी बघू नये? त्या रात्री बोलले नाय मी त्यांच्याशी. अजून राग हाय माझा."

"बघितलं की त्यांनी," भागुबाई म्हणाली.

पुतळाबाईने चष्मा सावरला. "कवा?"

"खडकाच्या जरा आधी. तीनच चित्रं. पापणी लवायच्या आत होऊन जातं, तंबूत कुनाला दिसनार? मला त्याच तीन चित्रांनी लय दमवलं, ठिपक्याचा आकारच बदलला व्हता."

दत्तूने प्लेअर थांबवत थांबवत, एकेक चित्र मागे घेतलं. भागुबाईने बोट दाखवलं तिथे ठिपक्याच्या वरच्या टोकाला डावीकडे एवढासा फुगवटा आला होता. गवताच्या भाऱ्याखालून वळलेली मान.

जन्मात कधी नवऱ्याला अरे-तुरे न केलेली पुतळाबाई उठली, टीव्हीला नाक लागेल इतकी जवळ गेली आणि काचेवर बोट टेकून म्हणाली, "बघितलं व्हतंस? मग सांगितलं का नाय रे मला?"