हळदीनं पकडलेली गरमी

ताडकळसच्या बाजारात त्या दिवशी वांग्या-टमाट्यांना कुणी विचारत नव्हतं. सगळी गर्दी लोटली होती लिंबाखाली, हळदीबाबाच्या पालापुढं. मोटारसायकली आडव्यातिडव्या लावून गडी टाचा उंचावून बघत होते. बायका पदर तोंडाशी धरून बाजूला उभ्या होत्या, पण नजर सगळ्यांची पालाकडंच होती.

"रोग लपतोय, हळद लपू देत न्हाई!" बाबा माईकवर गर्जत होता. "गरमी असो, परमा असो, बाईचा असो का गड्याचा असो! डाक्टर सुई टोचतो, रगत काढतो. आपल्याकडं? इकडं हळद, तिकडं निकाल! फकत हात धुवायचा न्हाई. हात धुतला का अंगातली खूण पान्यासंगं गेली!"

त्यानं आश्रुबा नावाच्या गड्याचा हात धरला आणि तळव्यावर ओली हळद फासली. बघता बघता तळवा लालबुंद झाला. "अगं माय!" बायकांतून आवाज उठला. आश्रुबाचं तोंड कसनुसं झालं. बाबानं तांब्यातलं मंतरलेलं पाणी शिंपडलं, तशी लाली गेली आणि तळवा पुन्हा पिवळा झाला. "गेला रोग! आता ही बाटली सकाळ-संध्याकाळ घ्यायची." आश्रुबानं मुकाट बाटली घेतली.

गर्दीच्या कडेला डॉक्टर धम्मशीला दातओठ खात उभ्या होत्या. जवळच्याच सरकारी दवाखान्यात त्या डॉक्टर होत्या आणि या हळदीनं त्यांची झोप उडवली होती.

झालं होतं असं. रेणुका नावाची पोर पाचव्या महिन्यात दवाखान्यात आली. सगळ्याच गरोदर बायांचं करतात तसं तिचंही रक्त तपासलं आणि त्यात गरमी, म्हणजे सिफिलिस, निघाली. अंगावर पुरळ नाही, जखम नाही, दुखणं नाही. पोर धडधाकट. पण उपचार झाले नाहीत तर हा रोग पोटातल्या लेकराला गाठतो. लेकरू पोटातच जातं, नाहीतर आजार घेऊन जन्माला येतं. पेनिसिलीनची पहिली सुई लगेच दिली. दर आठवड्याला एक, अशा अजून दोन बाकी होत्या. आणि नवऱ्यालाही तपासणं भाग होतं. तो तसाच राहिला तर बाईला पुन्हा रोग लागायचा आणि सगळं मुसळ केरात.

रेणुकानं स्वतःच नवऱ्याला सांगून दवाखान्यात आणलं. नवरा बजरंग ट्रकवर ड्रायव्हर, हळदीची पोती घेऊन सांगलीला जाणारा. तो हसला.

"म्याडम, आमी दोगं बाबाकडं जाऊन आलो. तुमी म्हंता तेच तोबी म्हणला. माझा हात पिवळाधमक राहिला. हिचा लाल झाला. तुमचं मशीन आन् त्याची हळद एकच बोलायलेत."

"तुमचं रक्त मी बघितलेलंच नाही, बजरंग!"

"बघायचं कामून? मला खाज न्हाई, फोड न्हाई, आग न्हाई. मला काई होतच न्हाई. मायनं ठरवलंय, हिला माहेरी धाडायचं."

धम्मशीलाबाईंना टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. भोंदूचं उत्तर चुकलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मेल्याचं उत्तर एका बाजूनं बरोबर आलं होतं! रेणुका माहेरी गेली म्हणजे सुया चुकणार, हे उघड होतं. हळद चुन्यानं लाल होते, हे बाईंना ठाऊक होतं. पण चुना येतो कुठून? बाबा तर सगळ्यांना एकाच वाटीतली हळद लावत होता.

म्हणूनच आज त्या बाजारात आल्या होत्या. तेवढ्यात शेजारी कुणीतरी कुरकुरलं. रेणुकाची सासू, कस्तुराबाई. बजरंगला घेऊन तीही सुनेसाठी बाटली न्यायला आली होती आणि उभ्या उभ्या तळहातावर तंबाखू मळत होती.

"बोटं वाकंनात मेली. रोज सूनच मळून देती. आज मलाच मळावं लागायलंय." तिनं डबीतून बोटभर चुना काढला आणि तंबाखूवर रगडला.

धम्मशीलाबाई बघतच राहिल्या. सून रोज चुना-तंबाखू मळते. बजरंगला ना तंबाखूचा नाद ना विडीचा. आणि बाबा म्हणतो, हात धुवायचा नाही!

"आजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही का हात दाखवला बाबाला?"

"मी? कशाला? तीस वर्सं झाली कुंकू पुसून."

"मग भीती कसली? रंग कुठलाही आला तरी मी इथंच उभी आहे."

"भेते का कुनाच्या बापाला!" म्हातारीनं तंबाखू तोंडात टाकली आणि गर्दी सारत सरळ पालापुढं गेली. "घे रे बाबा, लाव हळद!"

बाबानं तिचा तळवा बघितला आणि चपापला. "आजीबाई, तुमचं वय झालं, तुमाला काय..."

"लाव की! का फकत माझ्या सुनंलाच लावतो?" लोक हसले. आता मागं फिरायला जागा नव्हती. हळद लागली आणि म्हातारीचा तळवा रसरशीत लाल झाला.

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि कस्तुराबाईचा भडका उडाला. "मुडद्या! मला बट्टा लावतो? वाटोळं होईल तुजं!"

"बट्टा नाही आजी, चुना आहे," धम्मशीलाबाई पुढं झाल्या. त्यांनी किराणावाल्याकडून हळद मागवली आणि स्वतःच्या तळव्यावर फासली. पिवळी. आजीच्या डबीतला चुना लावला. लाल! वर लिंबू पिळलं. पुन्हा पिवळी. "हेच याचं मंतरलेलं पाणी. आता आजीचा हात साबणानं धुवा आणि परत हळद लावा."

धुतला, लावला. पिवळाच राहिला.

"अगं, ही तर कुंकू करायची रीत!" एक बाई ओरडली. "माझी आजी करायची की!"

"डाक्टरीनबाईचा धंदा बुडायलाय, म्हणून जळायल्यात!" बाबा किंचाळला.

"माझ्याकडं तपासणी फुकट आहे, बाबा. तुझी बाटली केवढ्याला?" बाईंनी पोलिसांना फोन लावला. कायदा आहे त्यासाठी. बाबाचा चेला पाल गुंडाळायला लागला, पण पोलीस येईपर्यंत लोकांनी दोघांनाही हलू दिलं नाही.

इथं गोष्ट संपली असती तर काय हवं होतं! पण आश्रुबा उड्या मारायला लागला. "म्हंजी मला काई न्हाई! मी चोख हाय!" त्याच्यामागं लाल हाताचे सगळेच हसायला लागले, एकमेकांना टाळ्या द्यायला लागले.

"कुणी सांगितलं चोख?" धम्मशीलाबाईंचा आवाज फाटला. "अरे, हळदीला यातलं काही कळत नाही! लाल झाला म्हणून रोग नाही आणि पिवळा राहिला म्हणून सुटका नाही. गरमीची जखम कित्येकदा दुखतसुद्धा नाही, आपोआप बुजते. माणूस म्हणतो, बरं झालं. रोग आत तसाच! परम्याचं, म्हणजे गनोरियाचंही तेच, कितीक बायांना तर पत्ताच लागत नाही. ज्याला काही होत नाही तोही दुसऱ्याला देतो. हे फक्त तपासणीत दिसतं. उद्या सकाळी या. नाव कुठं फुटणार नाही."

"येतो की, येतो की," लोक म्हणाले आणि वांगी घ्यायला पांगले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तपासणीचं सगळं सामान मांडून ठेवलं. दुपार झाली. आश्रुबा फिरकला नाही. टाळ्या पिटणाऱ्यांतला एकही माणूस आला नाही. एवढा घसा फोडला तो कशाला, असं मनात येऊन बाईंचे डोळे भरून आले.

मग बजरंग आला. मागं रेणुका आणि कस्तुराबाई. रेणुकाला बाकावर बसवून तो एकटाच आत आला.

"घ्या रगत. मायनं धाडलं म्हणून आलो. मला काई होत न्हाई बगा."

तपासणीत गरमी निघाली. त्यानं वाकून तपासणीच्या पट्टीवरच्या रेघा पुन्हा मोजल्या.

"गेल्या साली एक फोड आल्ता," तो हळूच म्हणाला. "दुखलाबी न्हाई. गेला आपला आपन. मी दिला का हो तिला?"

"कुणी कुणाला दिला, ते ही पट्टी सांगत नाही. भांडण्यात वेळ घालवू नका. दोघांनीही सगळ्या सुया घ्या. मी सांगेपर्यंत एकमेकांपासून लांब राहा."

"आन् लेकरू?"

"त्याच्याचसाठी आज रेणुकाची दुसरी सुई आहे. माहेरी धाडली असती तर ती कोण देणार होतं?"

बजरंग बाहेर गेला. बायकोकडं बघायचा धीर त्याला होत नव्हता. पण तिचा हात धरून त्यानंच तिला आत आणलं आणि सुई टोचेपर्यंत तो हात सोडला नाही.

भोंदूला पकडणं सोपं होतं हो, एका चुन्याच्या डबीत काम झालं. पण "मला काही होत नाही" हे प्रत्येकजण स्वतःच स्वतःला सांगत बसतो, त्याला पकडायचं कुणी? तुम्हाला काही होत नसेल तर चांगलंच आहे. तरीही शंका असेल, जोडीदाराला रोग निघाला असेल, घरात गरोदर बाई असेल, तर लाजू नका. सरकारी दवाखान्यात जा आणि दोघंही तपासून घ्या.