ठिगळावरचा फासा

मी एक जुना सारीपाट आहे, मित्रांनो, आणि माझ्या मधोमध एक भोक आहे. ते उंदरांनी पाडलेले नाही.

निझामाच्या राज्यात, परभणीजवळच्या पिंगळी गावात माझा जन्म झाला. मालकीण कस्तुराबाईंनी जाड मांजरपाटाचे चार पट्टे जोडून मला शिवले आणि लाल दोऱ्याने माझी घरे आखली. सोळा सोंगट्या आणि हाडाचे तीन लांबट फासे परभणीच्या बाजारातून आले. दुपारची जेवणे झाली की मला अंथरायचे. माझे लय कौतुक व्हायचे, तेव्हा मी फुगूनही जात असे. एकदा मालकांच्या चिलमीची ठिणगी पडून माझ्या मधोमध भोक पडले. त्यांची धाकटी लेक केशर तेव्हा दहा वर्षांची होती. तिने जळक्या जागी खणाचे दुहेरी ठिगळ लावले. टाके बारीक होते, पण ठिगळ जरा उंच झाले. तिच्या मायने तिला शाबासकी दिली.

पुढे केशर सोनपेठला आप्पारावांच्या घरी नांदायला गेली. मालक वारले, कारभार तिचा मोठा भाऊ व्यंकटराव पाहू लागला. सणावाराला तो बैलगाडी जुंपून तिचा मुराळी म्हणून जाई. मुराळी आल्याशिवाय लेकीने माहेरी यायचे नाही, अशी रीत.

एका धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावणे गेले. अनारसे झाले, आहेर झाला आणि मग साला-मेहुणा माझ्यावर डाव मांडून बसले. आप्पारावांना जिंकायला पौबारा, म्हणजे एक आणि दोन सहा, हवे होते. त्यांनी फासे टाकले. एक पडला, सहा पडले आणि तिसरा फासा त्या ठिगळाला टेकून कलता उभा राहिला. आप्पाराव म्हणाले सहा, व्यंकटराव म्हणाला दोन. खरे सांगतो, तो सहाही नव्हता आणि दोनही नव्हता. पण दोघे शहाणे हट्टाला पेटले, आणि शेवटी व्यंकटरावाने कडेला सुपारी कातरत बसलेल्या बहिणीला विचारले.

"केशर, तू सांग. काय पडलं?"

तिने नवऱ्याकडे पाहिले, भावाकडे पाहिले.

"मी बगितलं न्हाई, दादा."

झाले. नवऱ्याला वाटले, ही भावाला सांभाळते. भावाला वाटले, ही नवऱ्याला भिते. आप्पारावांनी त्याच दुपारी गाडी जुंपली. तुमचा मुराळी माझ्या दारात नको, असे ते बजावून गेले. मी कशाला येतो, असे व्यंकटरावानेही सुनावले. डाव दोघांचा होता, माहेर मात्र केशरचे तुटले. मला गुंडाळून फडताळात कोंबले.

नऊ वर्षे गेली. कस्तुराबाई दर सणाला वाटेकडे डोळे लावून बसत. रझाकारांच्या धामधुमीत त्या आजारी पडल्या आणि लेकीचे नाव घेत गेल्या. रस्ते धोक्याचे होते हे खरे. पण व्यंकटरावाने निरोपही धाडला नाही, ते काही रस्त्यांमुळे नव्हे.

पुलिस ॲक्शन झाली, निझामाचे राज्य गेले. परभणीच्या जल्लोषात साला-मेहुण्यांची गाठ पडली, त्यांनी एकमेकांना मिठी मारली आणि पुढच्याच आठवड्यात आप्पाराव केशरला घेऊन पिंगळीला आले. जेवण झाल्यावर व्यंकटरावाने मला झटकून अंथरले. मला शरम वाटली. त्यांना वाटली नाही.

"दाजी, त्या दिशी काय पडलं होतं हो? सहा का दोन?"

"कुणाच्या ध्यानात हाय आता," आप्पाराव म्हणाले, आणि दोघे पोट धरून हसले.

केशर पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिने तो खाली ठेवला.

"फासा ठिगळावर कलला होता. पुन्हा टाका म्हणायचं होतं मला, जीभ रेटली न्हाई. माय मरताना तिच्या तोंडात पाणी घालायला मी नव्हते, अन् तुमाला ध्यानातबी न्हाई."

तिने सोंगट्या बाजूला सारल्या, मला मांडीवर घेतले आणि अडकित्त्याच्या टोकाने आपल्या हातचे टाके एकेक करून उसवले; ठिगळाखालचे भोक पुन्हा उघडे पडले. दोघे पुरुष हातात फासे धरून बसून राहिले. त्यानंतर माझ्यावर कोणी खेळले नाही.

मला जपून ठेवा असे मी म्हणणार नाही, मित्रांनो, माझे काय जपायचे राहिले आहे? पण तुम्ही खेळाल तेव्हा कडेला कोण बसले आहे, ते बघा. आणि फासा कलला, तर पुन्हा टाका.