काचेच्या कपाटातला चमचा

“गोळी नको,” दाजी म्हणाले आणि त्यांनी ताईचा हात मनगटाने बाजूला सारला. ताईने पाण्याचा ग्लास वेळीच उचलला म्हणून बरं, नाहीतर इस्त्रीचा शर्ट गेलाच होता.

“नको म्हणजे? सकाळची गोळी आहे ती.”

“आज हात चांगला हलायला पाहिजे.”

“वेडेपणा करू नका. कार्यक्रम त्यांचा आणि हाल तुमचे.”

“डबा भर,” दाजी म्हणाले. “कार्यक्रम झाला की तिथल्याच बाकावर बसून खाऊ. आज चमचा मागूनच घेणार आहे मी.”

ताईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. या दोघांच्या भांडणात पडायचं नाही, एवढं शहाणपण मला फार पूर्वीच आलं आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली. आमच्या विद्यापीठातल्या जवळजवळ प्रत्येक विभागाच्या दारावरची अक्षरं त्यांच्या हातची. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचे, आणि कुणी मागे उभं राहून ‘वा’ म्हणालं की चिडायचे. मग हात थरथरायला लागला. आधी उजवा, नंतर दोन्ही. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, ते आम्ही घरात कधी उच्चारलं नाही. ब्रश सुटला याचं दाजींनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. हल्ली अक्षरं मशीनच कापतं, म्हणायचे. चमचा सुटला तेव्हा मात्र त्यांचं बोलणंच आटलं.

ताई त्यांना भरवायला लागली. भरवताना स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असायचं, खिडकीचा पडदा ओढलेला, आणि दाजी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून बसलेले. मी त्यांच्याकडेच बाहेरच्या खोलीत राहतो. आत ताटाचा आवाज झाला की मी चपला घालून बाहेर पडायचो. तसा नियम कुणी केला नव्हता, पण मोडायची माझी कधी हिंमत झाली नाही.

त्याच सुमारास विद्यापीठाने नवोपक्रम केंद्र काढलं. माझं झेरॉक्सचं दुकान फाटकासमोरच आहे, त्यामुळे त्यांची सगळी पत्रकं माझ्याच मशीनमधून निघाली. विद्यार्थ्यांनी नवं काहीतरी शोधून काढावं, त्याचा धंदा उभारावा, शेवटी सगळ्या गटांची स्पर्धा, असा एकंदर बेत. अट अशी होती की एका गटात एकाच शाखेची मुलं चालणार नाहीत. इंजिनिअरिंगच्या मुलाने कॉमर्सवाल्याशी बोलायला हवं, कॉमर्सवाल्याने नर्सिंगच्या मुलीशी. आणि प्रत्येक गटाला एक खराखुरा गरजू माणूस हवा. त्याला ते वापरकर्ता म्हणायचे. झालं, पोरं गरजू माणसं शोधत गावभर हिंडायला लागली. एका टोळक्याने मलाच विचारलं, “काका, तुम्हाला रोजच्या जगण्यात काही अडचण?” म्हटलं, आहे, तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसता ती.

दाजी त्यांना सापडले दवाखान्यात, हाताचे व्यायाम करून घेतात त्या खोलीत. नर्सिंगची मुलगी तिथे शिकायला येत असे. तीच एका संध्याकाळी दोघांना घेऊन आमच्या घरी आली. एक इंजिनिअरिंगचा चष्मेवाला, जो बोलण्यापेक्षा पंख्याच्या बटणाकडे जास्त बघत होता, आणि एक कॉमर्सचा, कडक कॉलरचा, ज्याला आम्ही पुढे मॅनेजर म्हणायला लागलो. मला वाटलं, आता प्रश्नांच्या फैरी झडणार. पण त्या मुलीने एकच विचारलं.

“काका, तुम्हाला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो?”

दाजींनी आधी ताईकडे बघितलं. मग म्हणाले, “दार लोटावं लागतं त्याचा.”

पोरांना काही कळलं नाही. तिला कळलं असावं, कारण तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

त्यांनी चमचा करायला घेतला. जाड दांड्याचा, आत इवल्याशा मोटारी. हात एका बाजूला हलला की चमच्याचं तोंड दुसऱ्या बाजूला वळायचं, म्हणजे वरचा घास जागच्या जागी राहायचा. सांगायला सोपं आहे. पहिल्या चमच्याने सूप थेट चष्मेवाल्याच्या चष्म्यावर उडवलं. दाजी तेव्हा हसले, आणि ताई आत जाऊन रडून आली. पोरं रोज यायची. घरभर वायरी, ताईच्या डब्यांवर स्क्रू, आणि मॅनेजर कोपऱ्यात बसून हा चमचा कुणाकुणाला विकता येईल याचा हिशेब मांडतोय. त्यांची परीक्षा जवळ आली होती, तरी यायची. मी त्यांना कितीही नावं ठेवली तरी हे कबूल करायला हवं की पोरांनी जीव ओतला.

आणि एक दिवस तो चमचा चालला. मी संध्याकाळी दुकान बंद करून आलो, ताटाचा आवाज ऐकला आणि सवयीने चपला पायात सरकवल्या.

“कुठे चाललास?” आतून दाजींचा आवाज आला. “ये, जेवायला बस.”

स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. दाजी पानावर बसून मऊ भात खात होते. हात थरथरत होता तसाच थरथरत होता, पण भात चमच्यात निवांत बसला होता. मी समोर बसलो. उगाचच मीठ मागितलं. तो सबंध उन्हाळा आम्ही तिघं एकत्र जेवलो. दाजी पुन्हा बोलायला लागले. फार बोलायचे, खरं सांगायचं तर, आणि बहुतेक माझ्या दुकानाच्या पाटीला नावं ठेवायचे.

अंतिम स्पर्धेच्या आधी मॅनेजर आला आणि कॉलर चाचपत उभा राहिला.

“काका, एक विनंती होती. त्या दिवशी सकाळची गोळी नाही घेतली तर चालेल का? म्हणजे साध्या चमच्याने आणि आपल्या चमच्याने, फरक नीट दिसायला हवा ना परीक्षकांना.”

नर्सिंगची मुलगी त्याच्यावर अशी भडकली की विचारू नका. दाजींनीच तिला थांबवलं.

“बरोबर आहे त्याचं,” ते म्हणाले. “मागचा रंग गडद असला की अक्षर उठून दिसतं.”

स्पर्धेत मटार ठेवले होते, कारण ते सांडले की लांबूनही दिसतात. साध्या चमच्यातून सगळे टेबलावर, या चमच्यातून सगळे दाजींच्या तोंडात. सभागृह उठून उभं राहिलं. त्याचं चित्रण झालं, पेपरात फोटो आला, पोरं जिंकली. आणि बक्षीस घेऊन खाली उतरल्यावर केंद्राच्या संचालक मॅडमनी प्रेमाने दाजींच्या हातातला चमचा काढून घेतला.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं की पेटंट विद्यापीठाच्या नावाने जाणार, म्हणून मूळ नमुना केंद्रातच जमा राहतो, तसा नियमच आहे. चष्मेवाला म्हणाला, काका, दुसरा बनवतो, यापेक्षा हलका. तो मनापासून म्हणाला होता. पण पुढच्याच महिन्यात त्याला लांबच्या शहरात नोकरी लागली, मॅनेजर पुढे शिकायला गेला, मुलगी परदेशातल्या हॉस्पिटलात. ती बरेच दिवस फोन करायची. कारखाना काढायला इथे कुणी उरलंच नाही. चमचा केंद्राच्या काचेच्या कपाटात गेला, खाली तिघांची नावं, वर छोटा दिवा. आमच्याकडे स्वयंपाकघराचं दार पुन्हा लोटलं गेलं आणि मी पुन्हा चपला घालायला लागलो.

वर्ष उलटल्यावर मॅडमचा फोन आला. नव्या मुलांचं स्वागत आहे, काका, तुम्ही येऊन तो चमचा वापरून दाखवा, मुलांना हुरूप येईल. दाजींनी मला फोन कानाशी धरायला लावला होता.

“त्या चमच्याचं जरा विचारायचं होतं,” ते म्हणाले. “तुमच्याकडे नुसता पडून आहे. मला घरी...”

“या तर खरं,” मॅडम म्हणाल्या. “मग बघू.”

त्या ‘मग बघू’वर दाजींनी इमले बांधले. म्हणून आज गोळी नव्हती. फरक जितका ठळक दिसेल तितकं मॅडमना नाही म्हणणं जड जाईल, असा त्यांचा हिशेब होता. तसा हिशेब चुकीचा नव्हता.

रिक्षातून उतरवताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर दार ठोठावल्यासारखा आपटत होता. सभागृह मुलांनी भरलेलं. मंचाच्या बाजूला मॅडमनी कपाटातून काढलेला चमचा दाजींच्या हातात दिला. दांड्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता. दाजींनी चमचा मुठीत धरला आणि त्यांचा चेहरा असा झाला की ताईने दुसरीकडे बघितलं.

साध्या चमच्याने मटार सांडले. अपेक्षेपेक्षा जास्तच, काही पुढच्या रांगेपर्यंत गेले. मग निवेदक म्हणाला, “आणि आता बघा,” आणि दाजींनी तो चमचा उचलला. हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला.

ते लगेच कुणाला दिसलं नाही. मला दिसलं, कारण मी दुसरं काही बघतच नव्हतो. दाजींनी मटार भरले आणि हात तोंडाकडे नेला. मटार शर्टावर, मांडीवर, जमिनीवर. त्यांनी पुन्हा भरले. पुन्हा तेच. जड दांड्यामुळे हात आणखीच हेलकावत होता आणि चमचा दातांवर आपटल्याचा आवाज माइकमधून सगळीकडे ऐकू आला. तरी त्यांनी तिसऱ्यांदा भरले. मी मनात म्हणत होतो, ठेवा आता दाजी, ठेवा खाली.

निवेदक हुशार होता. त्याने वेळ मारून नेली. “थोडी तांत्रिक अडचण दिसते,” तो म्हणाला, “पण आपल्याकडे मागच्या वर्षीचं चित्रण आहे.” दिवे मंद झाले आणि मागच्या पडद्यावर भलेमोठे दाजी दिसले, शांतपणे मटार खाणारे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पडद्याखाली दाजी खुर्चीत वळून स्वतःकडे बघत होते. त्यांच्या शर्टावर मटाराचे हिरवे डाग पडले होते आणि त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

नंतर मॅडम धावत आल्या. त्यांचे डोळे भरले होते.

“माफ करा काका. वर्षभर आम्ही पुसत होतो त्याला, पण मधूनमधून चार्ज करावा लागतो हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. काल लावला, दिवा लागला, वाटलं झालं. बॅटरी गेली म्हणतात, आणि आतलं काहीतरी. तो मुलगा असता तर...” मग त्या म्हणाल्या, “तुम्ही घेऊन जा हा घरी. नियमाचं मी बघते.”

वर्षभर जे मागायचं होतं ते दाजींच्या पुढ्यात आलं होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढायला मला सांगितलं. मग चमचा मांडीवर धरून ते पुसायला लागले. दांड्याच्या खाचेत एक मटार चिरडला होता, तो काही निघेना. ताई मदतीला वाकली तर त्यांनी मान हलवली. बराच वेळ लागला. आम्ही तिघं उभे होतो.

“राहू दे इथेच,” चमचा मॅडमच्या हातात देत ते म्हणाले. “पोरांनी फार खपून केला होता. नावं आहेत त्यांची खाली.”

बाहेर आलो. ग्रंथालयासमोरच्या बाकावर दाजी बसले. समोर दारावर त्यांनीच रंगवलेली पाटी, रंग उडालेली. ताईने डबा उघडला आणि रुमालाच्या घडीतून घरचा साधा चमचा काढला. तिने तो सकाळीच घेतला होता आणि कुणाला बोलली नव्हती. मुलांचा कार्यक्रम सुटला होता, घोळक्याने ती समोरून जात होती.

“आधी गोळी दे,” दाजी म्हणाले. ताईने ती त्यांच्या जिभेवर ठेवली आणि पाणी पाजलं.

मग तिने भाताचा घास भरला. मी सवयीने उठलो.

“मी जरा दुकानाकडे...”

“बस,” दाजी म्हणाले.

मी बसलो. दोन मुली चालताना थांबून बघायला लागल्या. दाजींनी त्यांच्याकडे बघत तोंड उघडलं.