जुना वायसर

नागोरावांनी पंपाचं झाकण तिसऱ्यांदा उघडलं, तेव्हा शंकरसिंगने कपाळावर हात मारला.

"मिस्त्री, काय चालू हाय हे? दोनदा पाणी भरून पाह्यलं. एक थेंब नाही गळून राह्यला."

"एकदा पाहू दे."

"तिकडे मजूर वावराच्या धुऱ्यावर बसून हायेत. तुमी पाहातच राहा दिवसभर!"

नागोरावांनी आतला रबरी वायसर काढला, चिमटीत फिरवला, उजेडात धरला आणि होता तसाच परत बसवला. नवा कोरा होता तो. तासाभरापूर्वी त्यांनीच टाकलेला. शंकरसिंगने पंप जवळजवळ हिसकावूनच घेतला, मोटरसायकलला बांधला आणि मागे न पाहता निघून गेला.

राळेगावच्या एसटी स्टँडमागे पाठीवरचे फवारणीचे पंप दुरुस्त करण्यात नागोरावांची बावीस वर्षं गेली होती. यंदा कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर वाढली होती आणि विषारी औषध फवारता फवारता मजूर चक्कर येऊन पडत होते. तांड्यावरचा रामलाल त्यातलाच. पोळ्याच्या आधी तो पंप घेऊन आला, तेव्हा नवे वायसर संपले होते. नागोरावांनी जुनाच एक घासूनपुसून बसवला. 'आठ दिवसांनी ये, नवा टाकून देतो,' असं सांगितलंही. रामलाल आला नाही. पंधरा दिवसांनी तो शेतात कोसळल्याची आणि त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेल्याची बातमी आली. आता तो घरी परतला होता, त्यालाही बारा दिवस झाले होते.

दुपारी पंचफुलाबाई डबा घेऊन दुकानात आल्या. नागोरावांनी एक घास खाल्ला आणि डबा दूर सारला.

"बेसन खारट झालं."

"कालही खारट, परवाही खारट. बेसन खारट नाही झालं, तुमचं डोस्कं खारट झालं हाय."

"त्याच्या पाठीवर औषध गळलं, पंचफुला. माह्या वायसरापाई."

"गळलं?"

"जुना होता तो."

"जुना होता हे मले ठाऊक हाय. गळला का, ते विचारून राह्यली."

"गळलाच असन."

"असन म्हणजे तुमाले ठाऊक नाही."

पंचफुलाबाई दर रविवारी विहारात ध्यानाला बसत. मनात आलेलं लगेच खरं धरू नये, तपासून पाहावं, असं तिथे सांगत. आणि त्या घरी येऊन ते नवऱ्यावर करून पाहत.

"तू काय वकील हायेस?" नागोराव उसळले. "सुखीबाई बजारात मले पाहून तोंड फिरवून गेली. रामलालची बायको! हे त मी ह्या डोळ्यांनं पाह्यलं. हे बी खोटं?"

"तोंड फिरवलं ते पाह्यलं. काहून फिरवलं, ते पाह्यलं का?"

नागोरावांनी हातातला पाना खोक्यात आदळला. समोरच्या चहावाल्याने मान वळवून पाहिलं. पंचफुलाबाईही आता वैतागल्या होत्या. बारा दिवस त्याच त्या वाक्याभोवती हा माणूस फिरत होता आणि जवळ येईल त्याच्या अंगावर धावत होता.

"बरं, राहू द्या," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगा. हे डोस्क्यात आलंच नसतं, त तुमी काय केलं असतं?"

"काय केलं असतं? रामलालले पाहाले गेलो असतो! माणूस मरता मरता वाचला, बारा दिवस झाले घरी येऊन, अन् मी..."

पंचफुलाबाईंनी डब्याचं झाकण लावलं, सावलीतली सायकल काढली आणि दाराशी आणून उभी केली.

तांडा चार किलोमीटरवर. वाटेत नागोराव दोनदा उतरले, दोन्ही वेळा काही कारण नव्हतं. रामलालच्या दारात पोचले, तेव्हा तो खाटेवर बसून, गुडघ्यावर आरसा टेकवून दाढी करायच्या खटपटीत होता. हात थरथरत होता. हनुवटीवर रक्ताचा ठिपका आला होता.

"या, या, मिस्त्री!" सुखीबाई आतून आली. "आमाले वाटलं, तुमी नाराज हायेत आमच्यावर. बजारात तोंड फिरवून गेले."

"मी?"

"नाही त कोण? मी हाक मारणार, तेवढ्यात तुमी केळीच्या गाडीमागं गेले."

नागोरावांनी रामलालच्या हातातून रेझर घेतलं, खाटेच्या कडेला बसले आणि त्याची हनुवटी बोटाने वर केली. बारीक कामाची सवय असलेला त्यांचा हात गालावरून सावकाश फिरू लागला. एक गाल झाल्यावर त्यांनी विचारलं,

"तो वायसर गळत होता का रे?"

"कोणता?"

"मी पोळ्याच्या आधी टाकला तो. जुना."

"हो, गळत होता त," रामलाल म्हणाला. "फडकं बांधलं होतं मी त्याले."

ज्या शब्दाला ते इतके दिवस भीत होते, तो असा साबणाच्या फेसातून सहज बाहेर पडला. नागोरावांचा हात थांबला. दारातली कोंबडी आत आली, सुखीबाईने तिला हाकललं. आणखी काही झालं नाही.

"मंग तू पडला, ते त्याच्यानंच?"

"डॉक्टरले सांगता नाही आलं, मले काय ठाऊक? हवा उलटी, औषध सरळ तोंडावर येय. पाठ त घामानंच भिजून राहे. तुमी आठ दिवसांनी ये म्हणलं, मी नाही आलो. आता हेच घोकत बसू काय मी?"

"चूक माही हाय, रामलाल."

"असन," रामलाल वैतागून म्हणाला. "पण हा गाल राह्यला अर्धा. कोणी पाह्यलं त हासन मले. पहिले तेवढं करा."

नागोरावांनी रेझर वाटीतल्या पाण्यात बुचकळलं, झटकलं आणि जरा जवळ सरकून बसले.

"गाल फुगव," ते म्हणाले.