कडीवरचा हात

श्रावणी सोमवारची कहाणी सांगणारी म्हातारी वारली, त्या साली विडीवाल्या बायांच्या बोळानं ते काम रेडिओवर सोपवलं. दुपारी सुपं बाजूला सारायची, शिवम्माच्या दारात बसायचं आणि उजव्या मुठीत ज्वारीचे दाणे धरून नाटकाची मालिका ऐकायची. रीत जुनीच. भाग संपला की दाणे वाटीत, मालिका संपली की महादेवाला.

त्या सोमवारी नाटकातली बाई घरात एकटी होती. बाहेरून तिच्या मेलेल्या नवऱ्याचा आवाज आला, "उघड गं. माझ्या पायात काही नाही." बाईनं कडीवर हात ठेवला. कडी वाजली. आणि निवेदक मऊ आवाजात म्हणाला की काही कारणानं ही मालिका इथंच थांबवत आहोत.

बाईला दाराशी उभं करून रेडिओवरची ही शिकलेली माणसं जेवायला निघून गेली.

बाकीच्यांनी शिव्या घालत दाणे वाटीत टाकले. शिवम्मा हट्टाला पेटली. "संपलीच न्हाय तर ठेवायचे कसे?"

संध्याकाळी विड्या वळायला बसली, तर मूठ उघडेना.

नवऱ्यानं, नागप्पानं तेल लावलं, कढत पाणी ओतलं, बोटं ओढून पाहिली. मग वैतागून म्हणाला, "बरं, ऐक. तिनं दार उघडलं, नवरा आत आला, दोघं जेवले. झालं की."

"मेलेला जेवतोय व्हय, अवो?"

मूठ तशीच. सुपातली पानं वाळून कडकडीत झाली. एका हातानं विडी वळता येत नाही, आणि कारखानदाराला कहाणीशी काय देणंघेणं? त्यानं दुसरी बाई बघतो म्हणून निरोप धाडला. रात्री तळव्यात काहीतरी वळवळायचं. सकाळी बोटांच्या फटीतून पांढरे कोंब बाहेर आलेले दिसले.

पुढच्या सोमवारी शेजारची सुंदरम्मा सगळ्या बायांना घेऊन आली. "शिवे, अर्धी कहाणी घरात ठेवू नये. तूच संपव."

"मला कुटं येतंय, अक्का?"

"त्यांना तरी कुटं आलं?"

बायांनी वाटीतले दाणे पुन्हा उचलले, मुठी मिटल्या. शिवम्मानं डोळे मिटले. तळव्याखाली कडीचं लोखंड गार लागलं. दारापलीकडं कुणीतरी श्वास घेत होतं. तो तिला नीट ऐकू येत होता. उघडावं असं तिला फार वाटलं. मग ती एकेक शब्द उच्चारत बोलली, "तिनं कडीवरनं हात काढला. दार उघडलं न्हाय. माघारी फिरली, चूल पेटवली, आपल्यापुरती भाकरी थापली. झाली कहाणी."

बोटं आपोआप सुटली. कोंब आलेले दाणे तिनं महादेवाच्या फोटोपुढं ठेवले, आणि हात उघडमीट करत हसली.

दुसरं कुणी हललं नाही.

"ठेवा की गं दाणे," शिवम्मा म्हणाली.

सुंदरम्मा आपल्या मुठीकडं बघत होती. डाव्या हातानं तिनं एक बोट उचलायला पाहिलं. ते उचलेना.

"शिवे," ती हळू म्हणाली, "पन भाईर कोन हुतं?"

सगळ्या बाया मुठी मिटून शिवम्माच्या तोंडाकडं बघत बसल्या. शिवम्माला ते ठाऊक नव्हतं.